रविवारी रात्री मेस बंद : गप्पांच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीने होकार दिला. सदाशिव पेठेतला त्यांचा हॉल रविवारी संध्याकाळी सहा ते आठ आम्हाला मिळेल. भाडं नाही, पंखे-दिवे बंद करून किल्ली शेजारी द्यायची एवढीच अट.

हा उद्योग कशासाठी, ते आधी लिहून ठेवते. मी वाचा-श्रवण तज्ज्ञ आहे. कानाचं मशीन बसवायला येणारी वयस्क माणसं महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला येतात आणि त्यांतली बरीच एकच गोष्ट सांगतात : मशीनने ऐकू येतं, पण घरात बोलायला माणूस नाही. मुलं बंगळूरला नाहीतर बाहेरदेशी, जोडीदार गेलेला. क्लिनिकमधून बाहेर पडलं की त्याच गल्लीत तीन अभ्यासिका. तिथे बीड, लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूरकडची मुलंमुली सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत खुर्चीला खिळलेली. अभ्यासिकेत बोलायला बंदी, रूमवर पार्टनरच्या कानात इअरफोन. एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तीन दिवसांत मी ‘दादा, एक कटिंग’ सोडून मोठ्यानं काही बोललेच नाही."

एका भिंतीच्या अलीकडे ही माणसं, पलीकडे ती. दोघांना एकत्र बसवून गप्पा मारायला लावायच्या, हा विचार. आणि पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. मुलं तेव्हा वडापाव नाहीतर मॅगीवर भागवतात. म्हणून रविवारची संध्याकाळ धरली. संघातल्या दोन काकू खिचडी-कढी करायला तयार आहेत. तांदूळ-डाळ मी आणेन.

८ जून, रविवार

मुलं आली ती मुलाखतीची तयारी होईल या समजुतीने. वह्या घेऊन बसली. एकाने विचारलं, "मॅडम, बॉडी लँग्वेजवर लेक्चर आहे का?" ज्येष्ठांच्या मनात वेगळंच होतं. त्यांना वाटलं, मुलांना मार्गदर्शन करायचंय. दोघांनी चक्क भाषणाचे मुद्दे काढून आणले होते.

जोड्या लावल्या, एक ज्येष्ठ आणि एक विद्यार्थी. विषय दिला नाही. मी बाजूला बसून एका जोडीचं बोलणं त्यांना विचारूनच टिपून घेतलं. काका एसटीतून निवृत्त झालेले, मुलगा परांडा तालुक्यातला.

काका : काय करतोस?
मुलगा : एमपीएससी.
काका : कितवा अटेम्प्ट?
मुलगा : तिसरा.
काका : यंदा होईल ना मग?
मुलगा : बघू.
काका : नाहीतर दुसरं काहीतरी बघून ठेव. वय जातं निघून.
मुलगा : हो काका.

इथे थांबलं. मग दोघं खिचडी कधी येते ते बघत बसले.

दोघांनाही बोलायची इच्छा होती, हे मला समोर दिसत होतं. काका खुर्ची पुढे ओढून बसले होते. मुलगा मान हलवत होता. काकांचे प्रश्न मात्र ठरलेले, मुलाने काहीही उत्तर दिलं असतं तरी पुढचा प्रश्न तोच आला असता. मुलाची उत्तरं फॉर्म भरल्यासारखी. एकाच्या बोलण्यातला धागा दुसऱ्याने उचललाच नाही. मला या प्रकल्पात शिकवायचंय ते एवढंच : समोरच्याच्या वाक्यातलं काहीतरी उचलायचं आणि त्यावरच पुढचं विचारायचं. छाप पाडणारं बोलणं ही वेगळी विद्या आहे, तिचे क्लास पेठेत भरपूर आहेत.

१५ जून, रविवार

आजचा सगळा वेळ बसण्याच्या व्यवस्थेत गेला, आणि तो जायलाच हवा होता.

वयानुसार ऐकू कमी येतं ते सहसा वरच्या पट्टीपासून. स, श, फ, थ असे बारीक, हवेचे आवाज आधी हरवतात. स्वर ऐकू येतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते लागत नाही. ओरडून उपयोग नसतो, ओरडल्याने स्वरच मोठे होतात. डोक्यावर जुना पंखा खडखडत असला की उरलंसुरलंही जातं.

आज केलेल्या गोष्टी : आवाज करणारे दोन पंखे बंद, भिंतीकडचे चालू. टेबलाच्या समोरासमोर न बसता कोपऱ्याला काटकोनात बसवलं, म्हणजे अंतर कमी होतं आणि चेहरा दिसतो. उजेड विद्यार्थ्याच्या तोंडावर यावा, ज्येष्ठांच्या डोळ्यांवर नको. प्रत्येक ज्येष्ठाला विचारून चांगल्या कानाच्या बाजूला मुलाला बसवलं.

मुलांना एकच गोष्ट निक्षून सांगितली. ज्येष्ठ माणसाने "काय?" असं दुसऱ्यांदा विचारलं की आपण पटकन "जाऊ द्या, काही नाही" म्हणतो. ते म्हणायचं नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला त्या तीन-चार शब्दांनी जेवढं एकटं वाटतं तेवढं दुसऱ्या कशाने वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी समारंभांना जाणं सोडलं ते याच "जाऊ द्या"ला कंटाळून. तेच वाक्य पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगावं. "साडेसातला" कळलं नाही तर "आठच्या आधी अर्धा तास" म्हणावं.

घाईचंही बोललो. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात, त्यात जपानी होती, डॅनिश होती, असं दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. एक साधा शब्द मनात जुळवून तोंडातून यायलाच त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार होत असतं. ज्याला अर्धे शब्द जोडून अर्थ लावावा लागतो त्याचं उत्तर उशिरा येणारच. तेवढ्यात मुलांना वाटतं काकांना बोलायचं नाही, आणि ती पुढचं बोलू लागतात. मनात एक-दोन-तीन म्हणायचं, असं ठरलं. ते तीन आकडे मोजताना मुलांची जी चुळबुळ झाली ती बघण्यासारखी होती, पण जमलं.

२२ जून, रविवार

बैठक नाही. पालख्या शुक्रवारी पुण्यात आल्या, आज पहाटे निघाल्या. काल बरीच मुलं आणि संघातली मंडळी लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटायला उभी होती. ज्या मुलाला हॉलमध्ये दोन वाक्यं सुचत नाहीत तो वारकऱ्यांशी भरभरून बोलत होता. "कुठली दिंडी, माऊली?" "पाऊस कसाय तिकडं?" "पेरण्या झाल्या का?" शेतीवाडीतलं पोरगं. त्याला विचारायचं काय ते ठाऊक आहे. हॉलमध्ये त्याला आपले प्रश्न इथल्या लोकांपुढे लहान वाटतात, अडचण तिथे आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी. गर्दी झाली.

जागतिक आरोग्य संघटनेचा सामाजिक संबंधांविषयीचा अहवाल ३० जूनला आला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे मी संघात वाचून दाखवले. ज्येष्ठांना धक्का बसला तो दुसऱ्याच माहितीचा : एकटेपणाचं प्रमाण किशोर आणि तरुण वयात जास्त आहे. एक आजी मुलांकडे बघत म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं हे आमच्याच वयाचं दुखणं." त्यानंतर त्यांचं मुलांशी बोलणं बदलल्याचं जाणवलं. मार्गदर्शनाचा सूर खाली आला.

१३ जुलै, रविवार

आज कठीण प्रसंग आला. एका ज्येष्ठांनी नव्या मुलाला नाव विचारलं. त्याने फक्त स्वतःचं नाव सांगितलं. "पूर्ण नाव?" मुलाने वडिलांचं नाव जोडलं. "अरे, आडनाव काय?" मुलाने सांगितलं. काका "अच्छा" म्हणाले आणि विषय बदलला. मुलगा जेवायला थांबला नाही.

त्या "अच्छा"मध्ये वाईट काही नव्हतं असं काका नंतर म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नसेलही. पण महाराष्ट्रात आडनाव कशासाठी विचारलं जातं हे ज्याला आयुष्यभर सोसावं लागलंय त्याच्यापुढे हेतूचं स्पष्टीकरण अपुरं आहे. अशा मुलांना रूम बघतानाही तोच प्रश्न आलेला असतो आणि त्याच्या उत्तरानंतर रूम "कालच गेली" असं सांगितलेलं असतं. आडनाव विचारल्यावर समोरचा माणूस आपल्याला कुठल्या कप्प्यात टाकतोय याचा हिशेब ते मनात सुरू करतात आणि गप्पा तिथेच संपतात.

कार्यकारिणीपुढे नियम मांडला : इथे फक्त पहिलं नाव, आणि आडनावाला वळसा घालून तेच काढून घेणारे प्रश्नही नकोत, म्हणजे "कुलदैवत कोणतं", "गावात घर कुठल्या बाजूला". चर्चा तापली. दोघा-तिघांचं म्हणणं, "इतक्या साध्या गोष्टीचा बाऊ कशाला, ओळख म्हणून तर विचारतो." मी म्हटलं, ओळख हवी असेल तर गाव विचारा, काय पिकतं विचारा, एसटी कुठपर्यंत येते विचारा. या गोष्टी ती मुलं आपणहून, आनंदाने सांगतात. शेवटी अध्यक्षांनी नियम मान्य केला. ते काका मुलाच्या अभ्यासिकेत जाऊन त्याला भेटून आले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२० जुलै, रविवार

तो मुलगा आला.

टिपून घेण्याचा सराव आता सगळ्यांनी सुरू केला. परवानगी घेऊन पाच मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग दोघांनी मिळून जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, "अं", "हं", मधलं थांबणं, सगळं. संभाषणाचा शास्त्रीय अभ्यास असाच सुरू झाला. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांचा १९७४ चा प्रसिद्ध लेख बोलण्याच्या पाळ्या कशा ठरतात यावर आहे, आणि जेफरसन यांनी साधी बोलणी श्वासांसकट, हसण्यासकट कागदावर उतरवायची पद्धत बसवली.

उतरवताना माणूस स्वतःला पहिल्यांदा ऐकतो. एका काकूंच्या लक्षात आलं की मुलगी बोलत असताना त्या दर वाक्याला "माझ्या भाचीचंपण अगदी असंच" म्हणून बोलणं आपल्याकडे खेचतात. नांदेडच्या मुलीला दिसलं की ती "हं" सुद्धा म्हणत नाही, नुसती बघत राहते. काकूंना कमी दिसतं, त्यामुळे त्यांना वाटत होतं मुलगी कंटाळली. पूर्वी गोष्ट सांगताना हुंकार देणारा लागायचा, हुंकार थांबला की सांगणारा थांबायचा. मुलांना हे लगेच पटलं, सगळ्यांच्या आज्यांनी तसं केलेलं आहे.

एसटीवाले काका आणि परांड्याचा मुलगा यांचा आजचा कागद :

मुलगा : काका, बार्शी गाडी चालवलीय का कधी?
काका : रातराणी. लई वर्षं.
मुलगा : (थोडं थांबून) रात्री झोप यायला लागली की काय करायचात?
काका : कंडक्टर बोलायचा की. चालकाशी बोलू नये अशी पाटी असायची गाडीत. पण टेंभुर्णी सुटली की कंडक्टर पुढं येऊन बसायचा माझ्याजवळ.
मुलगा : काय बोलायचे?
काका : काही पण. पोरीचं लग्न. ऊस. कुणाचा बैल मेला. बोलका कंडक्टर असला ना, की बायको निवांत झोपायची माझी घरी. ती विचारायचीच, आज जोडीला कोण आहे?
मुलगा : काकूंना सगळे कंडक्टर माहीत होते?
काका : नावानिशी. (थांबून) तुला सांगतो, ती गेल्यावर त्यातले दोघं आलते. निवृत्त झालेले. बार्शीवरनं.

जूनमधला कागद शेजारी ठेवून दोघांनी वाचला. मुलाने चारही वेळा काकांच्या बोलण्यातून निघालेला प्रश्न विचारला होता, पहिला तर "एसटी" एवढ्या एका शब्दावरून. काकांनी अटेम्प्टचं नाव काढलं नाही. मुलगा म्हणाला, "मी काही विशेष बोललोच नाही." मी त्याला म्हटलं, हेच आपण शिकतोय.

३ ऑगस्ट, रविवार

भाषेचा विषय निघाला. लातूरच्या मुलाने सांगितलं की पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात दुकानात तो "द्यायलाव का?" म्हणाला आणि मागची मुलं हसली. तेव्हापासून तो आधी मनात वाक्य "सुधारतो" आणि मग बोलतो, नाहीतर बोलतच नाही. हॉलमधल्या बहुतेक मुलांनी माना हलवल्या.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. मनात भाषांतर करत बोलणाऱ्याचं लक्ष समोरच्याकडे राहूच शकत नाही, ते सगळं स्वतःच्या जिभेवर खिळलेलं असतं. घरच्या बोलीत बोला, ज्याला समजणार नाही तो विचारेल, आणि ते विचारणं हीच गप्पांची सुरुवात. पेठेतच वाढलेल्या एका आजींनी लगेच विचारलं, "तुमच्याकडे ‘मी जातोय’ला काय म्हणतात रे?" "जायलो." "आणि बाईमाणूस?" तिथून पंधरा मिनिटं हॉलभर मराठवाडा, कोकण, खानदेश असं चाललं. खानदेशची एकच मुलगी आहे, ती आज पहिल्यांदा मोठ्याने हसली.

लग्नाचे प्रश्न मुलींना विचारायचे नाहीत, हे मुलींनी स्वतःच मांडलं. ज्येष्ठांनी विचारलं, मग विचारायचं काय? ससूनमध्ये नर्स म्हणून नोकरी केलेल्या आजी म्हणाल्या, "मी विचारते, रात्री अकराला अभ्यासिकेतून रूमवर कशी जातेस." हा प्रश्न सगळ्या मुलींना आवडला. त्यात काळजी आहे, चौकशी नाही.

१० ऑगस्ट, रविवार

जाताना चिठ्ठ्या घेतल्या. दोन ओळी : मला समोरची व्यक्ती किती आवडली, आणि तिला मी किती आवडलो असेन. आधी सांगूनच घेतल्या, नावं न घालता सगळ्यांपुढे वाचल्या. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जे दाखवलं तेच इथे दिसलं : अनोळखी माणसाशी बोलल्यावर आपण त्याला जेवढे आवडलेले असतो त्यापेक्षा कमी आवडलो असं आपल्याला वाटतं. मुलांनी लिहिलं, "आजींना बोअर झालं असेल." आजींनी लिहिलं, "पोराचा अभ्यासाचा वेळ गेला माझ्यापायी." दोघांनीही पहिल्या ओळीत भरपूर गुण दिले होते. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर हॉलमध्ये जी मोकळीक आली ती माझ्या कुठल्याही समजावण्याने आली नसती.

१७ ऑगस्ट, रविवार

आठवडाभराचं काम दिलं होतं : रोज एका ओळखीच्या चेहऱ्याशी, ज्याच्याशी कधी बोललो नाही, कामापलीकडचं एक वाक्य बोलायचं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलमध्ये हा प्रयोग केला होता. प्रवाशांना वाटत होतं शेजाऱ्याशी बोललो तर प्रवास वाईट जाईल, प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितलं त्यांचा चांगला गेला. मुलींना मात्र सांगितलं की कुणाशी, कुठे बोलायचं ते त्यांनीच ठरवायचं आणि नकोसं वाटलं तर बोलायचं नाही. रस्त्यावर हसून बोलण्याची किंमत मुलग्यांना आणि मुलींना सारखी मोजावी लागत नाही.

मुलांनी सांगितलेल्यातलं एकच लिहिते. मेसच्या मावशी रोज चपात्या वाढतात, एका दिवशी एकाने विचारलं, "मावशी, तुम्ही कधी जेवता?" त्या थांबल्या, म्हणाल्या, "चारला. विचारलंस बाबा." दुसऱ्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारतात.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. हॉल मंडळाकडे. पेठेत संध्याकाळी सातनंतर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, कानाची मशीन घातलेल्यांना तर फारच त्रास. फोनवर ख्यालीखुशाली विचारली, एवढंच.

१४ सप्टेंबर, रविवार

गप्पा संपवता येत नाहीत, ही तक्रार दोन्हीकडून. काका सोडत नाहीत, मुलगा संकोचाने उठत नाही, आणि पुढच्या रविवारी येतच नाही. २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासात असं आढळलं की दोघांनाही हव्या त्या क्षणी संपलेली संभाषणं जवळपास नसतातच. आपण समोरच्याला काय हवंय त्याचा अंदाज बांधत बसतो आणि तो चुकतो.

आपल्याकडे तर निरोप दारात उभं राहून अर्धा तास चालतो, तो सुखाचा भाग आहे आणि तो मला काढायचा नाही. पण परीक्षा दोन आठवड्यांवर आलेल्या मुलाला उठता आलं पाहिजे. ठरलं ते असं : सरळ सांगायचं, आणि जाताना चालू विषयातला एक धागा पुढच्या वेळेसाठी बांधून जायचं. "काका, मी अभ्यासिकेतल्या जागेवर जातो आता. त्या टेंभुर्णीच्या कंडक्टरचं राहिलंय, ते रविवारी." काकांना हे इतकं आवडलं की ते स्वतःच वापरू लागलेत : "चल, ऊठ. उरलेलं रविवारी."

२८ सप्टेंबर, रविवार

गेल्या आठवड्यात मराठवाड्यावर आणि सोलापूरवर जे कोसळलं ते सगळ्यांनी बघितलं. सीनेला पूर, परांड्याकडची गावं पाण्यात. राज्यसेवेची पूर्व परीक्षा आज होती, ती ९ नोव्हेंबरला ढकलली. ज्यांना जाता आलं ती मुलं गावी गेली. काहींना वाट नव्हती, ती इथेच अडकली. परांड्याचा मुलगा त्यांपैकी. घरच्यांशी दोन दिवस फोन लागला नव्हता, मग लागला. माणसं नातेवाइकांकडे पोचलेली.

बैठक रद्द करावी का, असं संघाने विचारलं. मी म्हटलं, आज हॉल उघडा ठेवलाच पाहिजे.

सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं ते आजच. एक काका मनापासून म्हणाले, "अरे, माणसं वाचली ना, मग बास. बाकी सगळं परत होतं." मुलगा "हो" म्हणाला. एक काकू म्हणाल्या, "देव बघतोय, सगळं ठीक होईल." मुलगा "हो काकू" म्हणाला. जूनमधला "हो काका" होता तसाच. दोघांच्याही बोलण्यात माया होती, पण त्या वाक्यांना पुढे जागा नव्हती. माणसं वाचली हे मान्य केलं की वाहून गेलेल्या सोयाबीनबद्दल मुलाने बोलायचं कसं? ते बोलणं त्याला कृतघ्नपणाचं वाटणार.

एसटीवाले काका त्याच्याजवळ बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जनावरं कुठायत?" मुलगा म्हणाला, "दोन सोडून दिली होती दाव्यातनं. एक सापडलीय." "कुठली?" "काळी. गाभण होती ती." "आणि दुसरी?" मग मुलगा बोलला. ती गाय त्याच्या आईने वासरू असल्यापासून वाढवली होती. आई फोनवर पिकाचं काहीच बोलत नाही, फक्त तिचंच बोलते. वडील म्हणतात, पीक पुढच्या साली येईल, पण माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला, त्याच्यावर पेरायचं काय. काका मध्येमध्ये "हं" म्हणत होते. "किती एकर होतं?" "विहीर भरली का गाळानं?" शेती त्यांनी कधी केलेली नाही. तरीही ते बरोबर तेच विचारत होते, कारण प्रत्येक प्रश्न मुलाच्या आधीच्या वाक्यातून येत होता. खिचडी थंड झाली. कुणी वाढायची घाई केली नाही.

नंतर संघातल्या मंडळींनी विचारलं, मग दिलासा द्यायचाच नाही का? माझं म्हणणं असं : द्या, पण आधी ऐकून घ्या काय गेलंय ते. ज्याने ते विचारलं त्याच्या तोंडचा दिलासा माणसाला घेता येतो. संघाने मदतीसाठी वर्गणी काढायचं ठरवलं. काय पाठवायचं ते मुलांना विचारून ठरलं. कपडे नकोत, वह्या-पुस्तकं आणि जनावरांना चारा हवा असं त्यांनी सांगितलं, आणि मंडळींनी ते ऐकलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

गावी गेलेली मुलं परत येताहेत. काहीजण येणार नाहीत, रूमचं भाडं आता परवडणार नाही. नांदेडच्या मुलीचं तसंच झालंय. ससूनच्या आजी तिच्याशी दर रविवारी सहाला फोनवर बोलतात. मी आजींच्या मशीनला ब्लूटूथने फोन जोडून दिला, आता आवाज थेट कानात येतो. मुलीला सांगितलं की फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून छोटी वाक्यं आणि विषय बदलताना आधी सांगायचं : "आजी, आता अभ्यासाचं बोलते."

१६ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा गेल्या रविवारी झाली. "पेपर कसा गेला" हे विचारायचं नाही असं ज्येष्ठांनी आपापसांत ठरवलं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलं आपणहून बोलली.

आज जोड्या लावल्या नाहीत. मी पोचायच्या आत माणसं बसलेली होती, पंख्यांची व्यवस्था झालेली होती, आणि दोन नव्या मुलांना परांड्याचा मुलगा काटकोनात खुर्च्या कशा ठेवायच्या ते दाखवत होता. सांगताना तो "जायलो-यायलो" बोलत होता.

पुढची कामं : शनिवार पेठेतल्या एका संघाने हा उपक्रम मागितला आहे, त्यांना नियमांचा एक पानाचा कागद द्यायचा, आडनावाचा नियम सगळ्यांत वर. त्यांचा हॉल आधी मी बघून येणार, छताला पत्रे आहेत असं ऐकलंय, आवाज घुमत असेल तर जाड पडदे लागतील. डिसेंबरपासून खिचडीची जबाबदारी मुलांनी मागून घेतली आहे, तेव्हा गॅसची टाकी कुणाच्या नावावर घ्यायची ते कार्यकारिणीला विचारायचं. एसटीवाल्या काकांचा डावा कान पुन्हा तपासायचा, मंगळवारी साडेदहाला.